साधं, मग टोस्ट, मग ग्रिल: मुंबईच्या सँडविचगाड्यांवर तीन दिवस

मुंबईचं सँडविच पहिल्यांदा खायला आलेला माणूस गाडीवरच्या फलकावरचं सगळ्यात महाग नाव वाचतो आणि तेच मागवतो: चीज ग्रिल, वर जास्तीचं चीज. पोट भरतं. पण त्या चीजखाली चटणी कशी होती, बटाटा आजचा होता की कालचा, काकडी कडवट होती का, यातलं काहीही कळत नाही. म्हणून या तीन दिवसांचा क्रम उलट्या बाजूने लावला आहे. पहिल्या दिवशी फक्त साधं, दुसऱ्या दिवशी मसाला टोस्ट, ग्रिल शेवटी. साध्या सँडविचमध्ये लपायला जागा नसते, त्यामुळे गाडी चांगली की वाईट हे तिथेच ठरतं.

दिवस निवडताना मंगळवार ते गुरुवार धरावेत. नावाजलेल्या गाड्या बऱ्याचशा कॉलेजांच्या आणि ऑफिसांच्या आधाराने उभ्या असतात. रविवारी त्यातल्या अनेक बंद असतात आणि त्यात रेल्वेचा मेगाब्लॉक असला तर प्रवासही रखडतो. मे महिन्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजबाहेरच्या गाड्यांवर माल कमी फिरतो, म्हणजे कापलेली भाजी जास्त वेळ पडून राहते. पावसाळ्यात आलात तर पहिल्या दिवसाचं साधं सँडविच गाळून थेट टोस्टवर जावं. कच्ची काकडी, टोमॅटो आणि पाण्यात वाटलेली चटणी, तिन्ही त्या दिवसांत भरवशाच्या नसतात.

खर्च फार नाही. लोकलचं तिकीट पाच-दहा रुपयांचं, आणि माणशी हजार रुपये तिन्ही दिवसांच्या खाण्याला आरामात पुरतात. गाड्यांवर क्यूआर कोड लावलेला असतो, तरी सुटे पैसे जवळ असावेत. दुपारच्या गर्दीत पेमेंट अडकलं की मागची रांगही अडकते.

पहिला दिवस: चर्चगेट

पुण्याहून येणाऱ्यांना डेक्कन क्वीन सोयीची. सकाळी सव्वासातला निघते आणि साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला पोचते. १९३० पासून धावणाऱ्या या गाडीला डायनिंग कार आहे आणि तिथला चीज टोस्ट प्रसिद्ध आहे. तो जरूर खावा, पण एकच. अकरा-साडेअकराला भूक शिल्लक हवी.

सीएसएमटीहून चर्चगेटला टॅक्सी करू नये, चालत जावं. दादाभाई नौरोजी रोडने हुतात्मा चौक, तिथून उजवीकडे वीर नरिमन रोड, डावीकडे ओव्हल आणि उजवीकडे क्रॉस मैदान टाकत चर्चगेट स्टेशन. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांना चर्चगेट हेच शेवटचं स्टेशन, आणि भुयारी मेट्रोचंही इथे स्टेशन आहे. रिक्षा शोधत बसू नये. दक्षिण मुंबईत रिक्षा चालतच नाहीत. वांद्रे आणि सायनच्या पुढे मिळतात.

स्टेशनवरून ब्रेबॉर्न स्टेडियमच्या बाजूने दिनशा वाच्छा रोडला लागलं की दहा मिनिटांत के.सी. आणि एच.आर. कॉलेजचा परिसर येतो. इथल्या सँडविचगाड्यांचं नाव शहरभर आहे. साडेअकराला पोचणं उत्तम. तेव्हा भाजी नुकती कापलेली असते, पहिली चटणी भांड्यात असते आणि गाडीवाल्याला बोलायला फुरसत असते. साडेबारा ते दीड या वेळात मुलांची झुंबड उडते, तेव्हा मागणी सांगून बाजूला उभं राहण्यापलीकडे काही करता येत नाही.

एखादी गाडी नेहमीच्या जागी नसेल तर ती बंद पडली असं लगेच समजू नये. पालिकेची कारवाई चालू असली की गाड्या शेजारच्या गल्लीत सरकतात. जवळच्या पानवाल्याला विचारावं, त्याला ठाऊक असतं.

पैसे देण्याआधी दोन मिनिटं चाकूच्या बाजूला उभं राहून बघावं. चार गोष्टी बघायच्या. कापलेली भाजी झाकलेली आहे का. ज्या फडक्याने चाकू पुसला जातो तेच फडकं फळीवर फिरतं का. चटणीचं भांडं लहान आहे आणि पुन्हा पुन्हा भरलं जातं की सकाळीच पातेलंभर करून ठेवली आहे. आणि बटाट्याच्या चकत्या: धारदार कडेच्या, कोरड्या दिसल्या तर चांगल्या, चिकट, चमकणाऱ्या असतील तर पुढची गाडी गाठावी. मुंबईच्या दमट हवेत उकडलेला बटाटा काही तासांत आंबतो आणि त्याचा वास चटणीखाली दडून जातो.

मागणी अशी सांगावी: "काका, एक साधं द्या, तिखट मध्यम." कांदा नको असेल तर आधीच सांगावं, कारण हात चालू झाला की पाऊण मिनिटात सँडविच बांधून होतं. "जैन द्या" म्हटलं की कांदा, बटाटा, बीट हे कंद जातात आणि बऱ्याच गाड्यांवर बटाट्याऐवजी उकडलेलं कच्चं केळं येतं. चटणीत लसूण किंवा आलं आहे का, हे मात्र वेगळं विचारावं लागतं.

आता हात बघायचे. दोन मोठ्या स्लाइस शेजारी शेजारी उघडल्या जातात. त्यांना बटर लागतं ते थेट कडेपर्यंत, एका स्लाइसला साधारण एक चहाचा चमचा. हे बटर चवीपुरतं नसतं. टोमॅटो-काकडीचं पाणी ब्रेडमध्ये झिरपू नये म्हणून तो थर असतो, आणि जिथे बटर नसतं तिथेच ब्रेड ओला होऊन फाटतो. कडेला सँडविच ढेपाळलं तर ते बहुतेक याच कारणाने. बटर मऊ लागतं. बर्फाच्या पेटीतून काढलेलं घट्ट बटर ताज्या ब्रेडवर ओढलं की ब्रेडचे लचके निघतात. खारं पिवळं बटर वापरतात, म्हणून वेगळं मीठ जवळजवळ पडतच नाही.

बटरवर चटणी, दोन्ही स्लाइसना मिळून एक मोठा चमचा किंवा थोडी जास्त. मग बटाटा: तीन-चार चकत्या, पेन्सिलीच्या निम्म्या जाडीच्या. बटाटा सगळ्यात खाली जातो कारण तो चटणीला धरून राहतो आणि वरच्या घसरत्या चकत्यांना बैठक देतो. त्यावर चिमूटभर मसाला. मग बीट, काकडी, टोमॅटो, कांद्याची चकती, पुन्हा मसाला आणि वरची स्लाइस. टोमॅटो ब्रेडला थेट लागू देत नाहीत, तो आतच राहतो. सगळं झालं की तळहाताने एकदा दाबतात. हा दाब महत्त्वाचा. तो नसला की कापताना थर सरकतात. कित्येक गाड्यांवर कडा काढून चार किंवा सहा तुकडे करतात आणि चटणी-सॉससह देतात.

पहिला तुकडा सॉस न लावता खावा. लाल सॉस गोड असतो आणि तो चटणीची परीक्षा होऊ देत नाही. चांगल्या साध्या सँडविचमध्ये आधी बटर-चटणी, मग काकडीचा गारवा, शेवटी मसाल्यातल्या बडीशेप-दालचिनीचा वास असं क्रमाने येतं. बीट गोडसर आणि कोरडं लागलं पाहिजे. ब्रेडवर गुलाबी डाग पसरला असेल तर बीट उकडताना साल आणि देठ आधीच कापलेले असतात. रंग पाण्यात जातो, बीट पाणचट होतं आणि उरलेला रंग ब्रेडला लागतो. सालीसकट, देठाचं बोटभर टोक ठेवून उकडलं तर तसं होत नाही.

सगळा जीव चटणीत आहे, म्हणून तिचं प्रमाण इथेच देणं बरं. निवडलेली कोथिंबीर कोवळ्या देठांसह १०० ग्रॅम, पुदिन्याची पानं २० ग्रॅम, हिरव्या मिरच्या चार-पाच, आल्याचा इंचभर तुकडा, अर्धा चमचा जिरं, पाव चमचा काळं मीठ, चवीपुरतं साधं मीठ, अर्धा चमचा साखर, दोन मोठे चमचे फुटाण्याची डाळ आणि एका लिंबाचा रस. दहा-बारा सँडविचना पुरते. पाणी बर्फाचं, आणि तेही दोन-तीन चमच्यांपासून सुरू करून लागेल तेवढंच. मिक्सर सलग फिरवला की भांडं तापतं आणि चटणी काळपट होते, म्हणून थांबत थांबत फिरवायचा आणि लिंबू शेवटी पिळायचं. पुदिना कोथिंबिरीच्या पाव भागापेक्षा वाढला की कडवटपणा येतो. फुटाण्याची डाळ चटणीतलं पाणी धरून ठेवते. ती नसेल तर चटणी बाजूला पाणी सोडते आणि बटरचा थरही मग ब्रेडला वाचवू शकत नाही. काही गाड्यांवर डाळीऐवजी ब्रेडच्या काढलेल्या कडा वाटणात जातात. चव थोडी बोथट होते, पण दाटपणा चांगला येतो.

मसालाही गाडीगणिक वेगळा. सर्वसाधारण ढाचा असा: भाजलेलं जिरं चार भाग, बडीशेप दोन, काळी मिरी एक, दालचिनी आणि लवंग मिळून अर्धा, वर आमचूर दोन आणि काळं मीठ दोन भाग. लवंग जरा जास्त झाली तरी जीभ बधिर होते. घरी मसाला बिघडतो तो बहुधा याच ठिकाणी.

खाणं झालं की पश्चिमेला पाच मिनिटांवर मरीन ड्राइव्ह आहे. दुपारी कट्टा तापलेला असतो, म्हणून संध्याकाळी जावं. पहिल्या दिवशी दुसऱ्या गाडीवर दुसरं साधं सँडविच खाता आलं तर खावं. एकाच दिवशी, तेच पदार्थ, दोन हातांचे: फरक लगेच कळतो. टोस्टला हात लावू नये.

दुसरा दिवस: धोबीतलावापासून खाऊगल्लीपर्यंत

सकाळी चर्चगेटहून एक स्टेशन मरीन लाइन्स, तिथून चालत धोबीतलाव. मेट्रो सिनेमासमोर कयानी आहे, १९०४ पासूनचं इराणी हॉटेल. इथे येण्याचं कारण ब्रेड. बन मस्का आणि ब्रून मस्का दोन्ही मागवावेत, चहाबरोबर. ब्रूनचं कवच कडक, आत पोकळ जाळी. त्यावर बटर लावलं तर ते जाळीत उतरतं. बन मऊ आणि गोडसर. आणि गाडीवरचा ब्रेड या दोघांसारखाही नाही: चौकोनी डब्यात भाजलेला, बारीक एकसारख्या जाळीचा, पातळ कडांचा. गाडीवाल्याला असाच ब्रेड का लागतो ते ब्रूनचा घास घेतल्यावर समजतं. कडक कवच दाबताना आतलं सारण बाहेर ढकलतं आणि मोठ्या भोकांतून चटणी गळते. पाव आणि बटाटा हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांकडून आले हे अनेकांना माहीत असतं. पण गाडीवर कोणी सँडविचच्या ब्रेडला पाव म्हणत नाही. पाव म्हणजे लादी पाव, तो वडापाववाल्याकडे.

ब्रेड विकत घ्यायचा असेल तर मोठ्या आकाराचा, सँडविचसाठी कापलेला मागावा. स्लाइस साधारण सव्वा सेंटीमीटर जाड हवी. त्याच सकाळी भट्टीतून आलेला ब्रेड साध्या सँडविचला फार मऊ पडतो, आदल्या संध्याकाळचा उत्तम. टोस्टला तर एक दिवसाचा जुना अधिक चांगला, कारण त्यात ओल कमी असते आणि तो लवकर कुरकुरीत होतो.

धोबीतलावाहून दहा-पंधरा मिनिटांत क्रॉफर्ड मार्केट येतं. १८६९ साली उभं राहिलं. अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. तिथून लोहार चाळ, काळबादेवी या पट्ट्यात भांड्यांची दुकानं आहेत. लांब दांड्यांचा हातटोस्टर इथे घ्यावा. दुकानात तो उघडून-मिटवून बघावाच. तीन गोष्टी तपासायच्या. दोन्ही पत्रे मिटल्यावर चारी बाजूंनी सारखे टेकतात का: उजेडाकडे धरून बघावं, एका बाजूने फट दिसली तर तिथून सारण बाहेर येऊन जळणार. बिजागरी हलते का: हलत असेल तर महिन्याभरात पत्रे एकमेकांवर बसेनासे होतात. आणि दांड्यांच्या टोकाची कडी घट्ट बसते का. पत्रा अॅल्युमिनियमचा आणि वजनदार हवा. पातळ पत्रा मधोमध जाळतो आणि कडा पांढऱ्या ठेवतो. नॉनस्टिक लेप असलेला स्वच्छ करायला सोपा, पण मोठ्या आंचेवर तो लेप टिकत नाही. साधा अॅल्युमिनियमचा घेतला तर पहिल्या दोन-तीन वेळा आतून तेलाचा हात लावून रिकामाच तापवावा, नाहीतर पहिली चार सँडविचं चिकटून फाटतात. हा टोस्टर गॅसवर किंवा सिगडीवरच चालतो, इंडक्शनवर नाही.

दुपारी तीन-साडेतीनला चर्चगेटकडे वळायचं. एसएनडीटी विद्यापीठाजवळची खाऊगल्ली क्रॉस मैदानाला लागून आहे. मेट्रो सिनेमापासून चालत पंधरा मिनिटं. ऑफिसांची जेवणाची गर्दी या वेळी ओसरलेली असते आणि चहाच्या वेळेची अजून सुरू व्हायची असते. आज मसाला टोस्ट.

मसाला टोस्टचं सारण वडापावच्या भाजीचं भावंडं. अर्धा किलो बटाटे सालीसकट उकडून पूर्ण गार करायचे. गरम बटाटा कुस्करला की चिकट लगदा होतो, गार झालेला मोकळा राहतो. दोन चमचे तेलात मोहरी, कढीपत्ता, ठेचलेली हिरवी मिरची आणि आलं, पाव चमचा हळद, मग बटाटा आणि मीठ, शेवटी कोथिंबीर. सहा टोस्टना पुरतं. सारण कोरडं आणि गार असलंच पाहिजे. कढईतून काढलेलं गरम सारण भरलं तर त्याची वाफ आतून ब्रेड ओला करते आणि बाहेरून कितीही भाजलं तरी टोस्ट मऊच राहतो.

गाडीवर स्लाइसना आतून बटर-चटणी लागते, एका टोस्टला लहान लिंबाएवढे दोन गोळे सारण थापलं जातं, वर कांदा, टोमॅटो आणि ढोबळी मिरचीची एकेक-दोन चकती आणि मसाला. इथे टोमॅटो कमीच हवा. साध्यात तीन-चार चकत्या चालतात, टोस्टमध्ये दोनच्या वर गेलं की त्या तापून पाणी सोडतात. मग सगळं हातटोस्टरमध्ये ठेवून मिटवतात, बाहेर आलेल्या कडा चाकूने छाटतात आणि बाहेरून बटर लावून सिगडीवर किंवा शेगडीवर ठेवतात.

आंच मध्यम, एका बाजूने दोन ते अडीच मिनिटं. वास बदलला की उलटायचा: आधी ब्रेडचा ओलसर वास येतो, मग बटर तळल्याचा. सिगडीवाल्याची गाडी मिळाली तर तीच निवडावी. कोळशाची धग पसरट असते, त्यामुळे टोस्ट कडेपर्यंत सारखा भाजला जातो आणि धुराचा हलका वासही लागतो. गॅसच्या बर्नरवर ज्वाला गोल असते, म्हणून चांगला गाडीवाला टोस्टर सतत थोडा थोडा सरकवत राहतो. घाईच्या वेळी आंच मोठी केली जाते आणि मग बाहेर काळे पट्टे, आत गार बटाटा. असं मिळालं तर परत देऊन "थोडा अजून शेका, मंद आंचेवर" असं सरळ सांगावं. गाडीवाले यात कमीपणा मानत नाहीत.

टोस्ट बाहेर आला की वर पुन्हा बटर, तुकडे, चटणी आणि सॉस, कधी वरून बारीक शेव. शेव खायच्या क्षणीच पडायला हवी. दोन मिनिटांत ती नरमते. उभ्यानेच खायचा, तीन-चार मिनिटांत. प्लेटवर पडून राहिलेल्या टोस्टचा खालचा भाग स्वतःच्या वाफेने भिजतो. म्हणूनच मसाला टोस्ट पार्सल नेऊ नये. नाइलाजच असेल तर न कापता, बटर-चटणी वर न लावता मागावा, पिशवी उघडी ठेवावी आणि घरी तव्यावर पुन्हा शेकावा. वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊ नये. छपाईची शाई तेलकट पदार्थाला लागते, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, याविरुद्ध वारंवार बजावलं आहे. साधा कागद किंवा सोबत नेलेला डबा पुढे करावा, गाडीवाला त्यात घालून देतो.

चीज मसाला टोस्ट फलकावर दिसेल. आज नको. हळद-मोहरीच्या बटाट्याला चीजचा खारटपणा साथ देत नाही, दोन्ही एकमेकांना दाबतात. हे आमचं ठाम मत आहे, भले निम्मी मुंबई त्याच्या विरोधात असो.

तिसरा दिवस: पार्ले आणि घाटकोपर

चर्चगेटहून सकाळी दहाच्या पुढे स्लो लोकल पकडली की पाऊण तासात विलेपार्ले. सकाळची गर्दी शहराकडे येते, आपण उलट दिशेने जातो, त्यामुळे खिडकी मिळते. पश्चिमेला उतरून मिठीबाई आणि एन.एम. कॉलेजच्या परिसरात चालत किंवा रिक्षाने जावं. इथे रिक्षा आहेत.

पार्ल्यात ग्रिल बघायचं. यंत्र विजेचं, दोन जाड पत्र्यांचं, वरचा पत्रा स्वतःच्या वजनाने दाबतो. ग्रिलमध्ये बहुधा तीन स्लाइस असतात, म्हणजे भाजीचे दोन मजले. एका मजल्यात बटाटा-बीट-काकडी, दुसऱ्यात कांदा-टोमॅटो-ढोबळी मिरची आणि किसलेलं चीज. तीन-चार मिनिटं लागतात. यंत्र पुरेसं तापलेलं असेल तर सँडविच ठेवताक्षणी चुर्र आवाज येतो. आवाज आला नाही तर ब्रेड भाजण्याआधी बटर पिऊन घेणार आणि तेलकट होणार. सकाळचं पहिलं ग्रिल म्हणूनच टाळावं, यंत्र तेव्हा पुरतं तापलेलं नसतं. आणि घाईत वरचा दांडा हाताने दाबून धरणारा दिसला तर टोमॅटोचं पाणी बाजूने वाहताना दिसेलच.

चीज कुठलं, हे विचारावं. गाडीवरचं नेहमीचं प्रोसेस्ड चीज असतं. त्यातल्या क्षारांमुळे ते तापल्यावर तेल न सोडता एकजीव वितळतं, पण ताणलं जात नाही. तार हवी असेल तर मोझरेला लागतं, आणि ते चवीला फिकं असल्याने मसाला वाढवायला सांगावं लागतं. एका ग्रिलला आतून २५ ग्रॅमचा एक क्यूब किसून पुरेसा आहे. वरून डोंगर रचून देतात तो नको म्हणून सांगता येतं, पैसेही कमी होतात. वरचं गार चीज वितळत नाही आणि खालचा कुरकुरीतपणा झाकून टाकतं.

संध्याकाळी पार्ल्याहून एक स्टेशन अंधेरी, तिथून मेट्रो १ ने घाटकोपर. पाच वाजायच्या आत मेट्रो धरावी. सहानंतर अंधेरीच्या फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. घाटकोपर पूर्वेला वल्लभबाग लेनची खाऊगल्ली स्टेशनपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे आणि ती संध्याकाळीच रंगते. वस्ती गुजराती-जैन, त्यामुळे जैन सँडविच खायचं असेल तर तिन्ही दिवसांत सर्वांत भरवशाची जागा हीच. चटणी इथे चर्चगेटपेक्षा गोडसर लागते, तिखट हवं असेल तर आधी सांगावं.

चार जणांत दोन ग्रिल पुरतात. एक साधं व्हेज ग्रिल, एक चीजचं, आणि पहिल्या दिवसाची आठवण ताजी असेल तर शेजारी एक साधं सँडविचही मागवावं. तीन प्लेट समोर ठेवून चटणी तीच आहे हे माहीत असताना खाल्लं की उष्णतेने तिचं काय होतं ते जिभेवर कळतं: कोथिंबिरीचा ताजा वास उडतो, मिरची आणि काळं मीठ पुढे येतात, पुदिना जवळजवळ नाहीसा होतो. ग्रिलवर कापल्यानंतर वरून पुन्हा चटणी घालतात ती यासाठी.

ग्रिलचे सहा किंवा नऊ तुकडे होतात. नऊ असतील तर मधला आधी उचलावा. त्याला एकही कड नसते, सगळ्यात जास्त वाफ त्यातच कोंडलेली असते आणि तो पहिला नरमतो. मग बाजूचे. चार कोपरे शेवटी खाल्ले तरी कुरकुरीत राहतात.